झोपण्याआधीचं पेय आणि रोजचा नेम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रात्री काय प्यालं म्हणजे झोप लागेल, असं पुष्कळजण विचारतात. ते पिण्याआधी आणि प्यायल्यानंतर काय करायचं, हे फारसं कोणी विचारत नाही. खालची उत्तरं या दुसऱ्या गोष्टीकडे जरा जास्त झुकलेली आहेत. नुसती पेयांची माहिती हवी असेल तर मधले प्रश्न वाचा.

गरम दुधाने खरंच झोप येते का?

बऱ्याच जणांना येते, पण नेहमी सांगितलं जातं त्या कारणाने नाही. दुधात ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल असतं, त्यापासून शरीर सेरोटोनिन आणि पुढे मेलाटोनिन (झोपेची वेळ झाल्याची खूण देणारं संप्रेरक) बनवतं, इथपर्यंत सगळं बरोबर आहे. अडचण प्रमाणाची आहे. एका कपात ट्रिप्टोफॅन मिळतं ते साधारण १०० मिलिग्रॅमच्या आसपास. शिवाय दुधातल्या प्रथिनांतून इतर अमिनो आम्लंही त्याच वेळी रक्तात येतात, आणि मेंदूत शिरायला त्यांतल्या बऱ्याच जणांना एकच दार असतं. त्या रेटारेटीत ट्रिप्टोफॅनच्या वाट्याला फार थोडं येतं. त्यामुळे एका कपाने मेंदूतलं रसायन पालटेल ही अपेक्षा सोडून द्यावी.

तरीही दूध पिणाऱ्याला शांत वाटतं, ते खोटं नाही. पोटात थोडं काही गेल्याने भुकेची चुळबूळ थांबते. काहीतरी कोमट घोट घोट पिताना श्वास आपोआप संथ होतो. आणि रोज त्याच वेळी, त्याच क्रमाने तेच केलं की शरीराला पुढे काय येणार ते कळायला लागतं. कपातलं औषध शोधण्यापेक्षा या तीन गोष्टी सांभाळल्या तर पदरात जास्त पडतं.

म्हणजे कपात काय आहे याला महत्त्वच नाही?

आहे, पण उलट्या बाजूने. झोप आणणारी पेयं फार थोडी आणि त्यांचा जोरही बेताचा. झोप मोडणारी पेयं मात्र पुष्कळ आणि जोरकस. कपात कॅफिन नसावं, मद्य नसावं, साखरेचा मारा नसावा आणि पोटाला त्रास देणारं काही नसावं. एवढं जमलं तर बाकी आवडीवर सोडा. नुसतं गरम पाणीही चालतं. मला विचाराल तर ज्याची चव तुम्हाला खरोखर आवडते तेच निवडा, कारण न आवडणारं ‘गुणकारी’ पेय आठवड्याभरात बंद पडतं.

ते बनवण्यात इतका वेळ का घालवायचा? मायक्रोवेव्हमध्ये मिनिटभरात होतं.

होतं, आणि घाई असेल त्या दिवशी तसंच करा. पण मंद आचेवर भांडं ठेवून पाच-सात मिनिटं तिथे उभं राहणं हाच नेमाचा अर्धा भाग आहे. दिवसभर आपण एकाच वेळी चार कामं करत असतो. दूध उतू जाईल या भीतीने का होईना, इथे लक्ष एका जागी राहतं. दुसरा फायदा कपाचा. तो दोन्ही हातांनी धरला की फोन धरायला हात उरत नाही.

म्हणून अट एकच : पेय बसून प्यायचं, पडद्यासमोर नाही. बातम्या वाचत प्यायलेला कप हा फक्त एक कप असतो.

झोपण्याच्या किती आधी आणि किती प्यावं?

तास-दीड तास आधी, १५० ते २०० मिलिलिटर. मोठा मग भरून अगदी झोपताना प्यायलात तर रात्री लघवीसाठी उठावं लागतं आणि कमावलेली झोप तिथेच जाते. आधीच रात्री दोन-तीनदा उठावं लागत असेल (गरोदरपण, प्रोस्टेटचा त्रास, लघवी वाढवणारी औषधं) तर पेय आणखी अलीकडे आणा, झोपण्याच्या दोन तास आधी, आणि अर्ध्या कपावर थांबा.

किती गरम?

कोमटहून जरा जास्त, जिभेला चटका न देणारं. कढत प्यायची हौस असणाऱ्यांसाठी एक माहिती : जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त गरम पेयांना ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकलं, अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या संदर्भात. दोष पेयाचा नाही, तापमानाचा आहे. ओतल्यावर पाच मिनिटं थांबलं की काम भागतं.

गरम काही घेतल्याने शरीर तापतं, मग झोप कशी येते?

झोपेच्या वेळी शरीराच्या आतलं तापमान उतरत जातं, रात्रभरात साधारण एक अंशाने. हातापायांच्या त्वचेकडे रक्त वळलं की उष्णता बाहेर पडते आणि ही उतरण सोपी होते. याचा भक्कम पुरावा मात्र पेयाबद्दल नाही, अंघोळीबद्दल आहे. २०१९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून घेतलेल्या आढाव्यात ४० ते ४२.५ अंशांच्या पाण्याने, झोपण्याच्या एक-दोन तास आधी, दहा मिनिटांची अंघोळ पुरेशी ठरली. झोप सरासरी दहा मिनिटं लवकर लागली. अंघोळ शक्य नसेल तर पाय गरम पाण्यात बुडवून बसा, किंवा मोजे घाला. थंडगार पायांनी अंथरुणात शिरलेल्याला झोप उशिरा लागते, हे अनुभवायला अभ्यासाची गरज नाही.

मी रात्री जेवणानंतर कॉफी पितो आणि तरी गाढ झोपतो. मला नियम लागू होत नाहीत का?

हा प्रश्न विचारणारे सगळ्यात जास्त आणि उत्तर न आवडणारेही सगळ्यात जास्त.

जागेपणी मेंदूत अॅडेनोसिन साचत जातं. ते जितकं साचेल तितकी पेंग वाढते. कॅफिन अॅडेनोसिनच्या जागा अडवून बसतं, म्हणून थकवा असतो पण जाणवत नाही. निरोगी प्रौढ माणसाच्या शरीरातून घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मं जायला साधारण पाच तास लागतात. दुपारी चारला २०० मिलिग्रॅम घेतलं तर रात्री नऊला १०० आणि पहाटे दोनला ५० शिल्लक. हा वेग माणसागणिक खूप बदलतो. धूम्रपान करणाऱ्यांत कॅफिन लवकर निघून जातं. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांत ते जास्त काळ रेंगाळतं आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तर त्याहून कितीतरी जास्त.

आता ‘मला तरी झोप लागते’ याबद्दल. २०१३ मध्ये छापलेल्या एका अमेरिकी अभ्यासात लोकांना ४०० मिलिग्रॅम कॅफिन दिलं गेलं : झोपताना, तीन तास आधी किंवा सहा तास आधी. सहा तास आधी घेतलं तरी झोप तासाभराहून जास्त घटली. गंमत अशी की ही घट यंत्राने जेवढी टिपली तेवढी त्या माणसांना स्वतःला जाणवली नव्हती. डोळा लागणं वेगळं आणि झोप खोल असणं वेगळं. दुसऱ्या गोष्टीची खबर आपल्याला सकाळी, तीही अस्पष्टच, मिळते.

एक उपाय करून पाहा. दोन आठवडे दुपारी बारानंतर कॅफिन बंद. पहिले काही दिवस डोकं दुखेल, ते धरू नका. दुसऱ्या आठवड्यात सकाळी उठताना काही फरक वाटला नाही, तर खुशाल तुमची कॉफी परत घ्या.

ग्रीन टी, डिकॅफ आणि कोको चालतात का?

ग्रीन टी नाही, त्यात कॅफिन आहेच, कपाला ३० मिलिग्रॅमच्या आसपास. डिकॅफ, म्हणजे कॅफिन काढलेली कॉफी, चालते. कॅफिन पूर्ण गेलेलं नसतं, पण कपात थोडेच मिलिग्रॅम उरतात. फार संवेदनशील असाल तर तेही नको. कोकोत कॅफिन कमी आणि थिओब्रोमिन (कॅफिनचाच सौम्य भाऊबंद) जास्त. दुधात चमचाभर कोको बहुतेकांना सोसतो, पण गडद चॉकलेटचा अर्धा बार खाऊन ‘मी कॉफी घेत नाही’ म्हणण्यात अर्थ नाही.

हळदीचं दूध?

छान पेय आहे, झोपेचं औषध नाही. हळदीत करक्युमिन वजनाच्या साधारण तीन टक्के असतं, म्हणजे अर्ध्या चमच्यात ४०-५० मिलिग्रॅम, आणि नुसतं घेतलं तर त्यातलं फार थोडं रक्तात पोचतं. १९९८ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात दोन ग्रॅम करक्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पिपेरीन, म्हणजे मिऱ्याचा तिखट घटक, दिल्यावर शोषण २० पटींनी वाढलं होतं. म्हणून चिमूटभर मिरपूड घालतात, आणि करक्युमिन चरबीत विरघळतं म्हणून साय काढलेल्यापेक्षा साधं दूध बरं. पण झोपेशी याचा थेट संबंध जोडू नका. रंग सुंदर, चव उबदार, एवढ्यावर समाधानी राहता येतं. स्वयंपाकातल्या प्रमाणाला भीती नाही. करक्युमिनच्या कॅप्सूल मात्र वेगळी गोष्ट आहे, आणि रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर त्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

जायफळ किती घालावं? जास्त घातलं तर जास्त झोप?

अजिबात नाही. चिमटीत मावेल तेवढं, दोन-चार वेळा किसणीवर फिरवलेलं. जायफळात मायरिस्टिसिन असतं. पाच ग्रॅमच्या पुढे गेलं की मळमळ, छातीत धडधड, भ्रम असे विषबाधेचे प्रकार होतात. चमचा भरून जायफळ कधीही नाही, मुलांना तर नाहीच.

कॅमोमाइल, पुदिना, ज्येष्ठमध वगैरेंपैकी काय घ्यावं?

कॅमोमाइल या सुवासिक फुलांच्या चहापासून सुरुवात करा. त्यातलं अॅपिजेनिन मेंदूत काही शामक औषधांच्याच जागी चिकटतं, पण फार हलकेच. अभ्यास लहान आहेत आणि निष्कर्ष संमिश्र, तरी धोका कमी आणि कॅफिन शून्य. उकळतं पाणी ओतून पाच मिनिटं झाकून ठेवा, नाहीतर सगळा सुगंध वाफेबरोबर जातो. शेवंती-झेंडूच्या कुळातल्या फुलांची अॅलर्जी असेल तर टाळा. वॉर्फरिन (रक्त पातळ करणारं औषध) घेत असाल तर डॉक्टरांना विचारा.

पुदिना जेवणानंतर हलकं वाटायला चांगला. पण तो अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप सैल करतो, त्यामुळे आडवं झाल्यावर छातीत जळजळणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. ज्येष्ठमध गोड लागतं म्हणून रोज घेतलं जातं आणि तिथेच फसगत होते : नियमित घेतल्यास रक्तदाब वाढतो, पोटॅशियम घटतं. कधीमधी ठीक. व्हॅलेरियन या मुळीचे निष्कर्ष उलटसुलट आहेत आणि वास तर विचारूच नका. अश्वगंधेने झोप सुधारल्याचं सांगणारे काही लहान अभ्यास आहेत, पण गरोदरपणात आणि थायरॉइडची औषधं चालू असताना ती नको. क्वचित यकृताला इजा झाल्याचीही नोंद आहे. ‘वनस्पतीच तर आहे’ हा युक्तिवाद धोतऱ्यालाही लागू होतो.

दूध पचत नाही. मी काय करू?

तुम्ही बहुसंख्यांत आहात. लहानपण सरल्यावर दुग्धशर्करा (लॅक्टोज) पचवण्याची ताकद कमी होते अशी माणसं जगात साधारण दोन तृतीयांश आहेत. लॅक्टोज काढलेलं दूध, ओट किंवा बदामाचं दूध (पाकिटावरची साखर पाहून), किंवा सरळ वनस्पतींचा काढा.

साखर घालू की मध?

शक्यतो काहीच नको. हवंच असेल तर अर्धा चमचा, कोणतंही. मध आहे म्हणून दातांना सवलत मिळत नाही. पेयानंतर दात घासा आणि मग अंथरुणात जा. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे दातांवर राहिलेली साखर रात्रभर काम करते. साध्या दुधातही साखर असतेच, हे विसरलं जातं.

माल्टची पावडर घातलेली पेयं झोपेसाठीच असतात ना?

जाहिरातीत असतात. हॉर्लिक्स बंधूंची कंपनी १८७३ ची. १९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये त्यांच्या जाहिरातींनी ‘रात्रीची उपासमार’ नावाचं एक दुखणंच लोकप्रिय करून टाकलं : झोपेत शरीर उपाशी राहतं, म्हणून सकाळी थकवा येतो, म्हणून आमचं पेय घ्या. असं दुखणं वैद्यकात नव्हतं. पेय वाईट आहे असं नाही. डब्यामागची साखर वाचा आणि चवीसाठी घ्या.

थोडं मद्य घेतलं तर?

डोळा लवकर लागतो आणि उत्तररात्री झोप तुकड्यातुकड्यांनी मोडते. पहिल्या भागातली स्वप्नांची झोपही कमी होते. घोरणं वाढतं. झोपेसाठी म्हणून, नको.

लहान मुलांना हा नेम लावावा का?

नेम जरूर लावा, मुलांना मोठ्यांपेक्षा लवकर लागू पडतो. रोज तोच क्रम : अंघोळ, कपडे, अर्धा कप दूध, दात, गोष्ट, दिवा बंद. दूध दातांच्या आधी, नंतर नाही, आणि तोंडात बाटली ठेवून झोपवणं तर नकोच. वर्षाच्या आतल्या बाळाला मध कणभरही नाही, त्यातून बोट्युलिझम ही गंभीर विषबाधा होऊ शकते. गाईचं दूध मुख्य पेय म्हणून वर्ष पूर्ण झाल्यावर.

पेयाबरोबर रात्रीच्या नेमात आणखी काय असावं?

दोनच गोष्टी सुचवेन, कारण आठ पायऱ्यांचे नेम टिकत नाहीत.

पहिली, दिवे मंद करणं. नेहमीच्या झोपेच्या साधारण दोन तास आधी मेलाटोनिन स्रवायला लागतं आणि लख्ख उजेड ते दाबतो. पेय करायला उठताना वरचा दिवा बंद करून कोपऱ्यातला लावा. नंतर वेगळं काही लक्षात ठेवावं लागत नाही.

दुसरी, पेय पिताना पाच मिनिटं कागदावर उद्याची कामं लिहिणं. २०१८ मध्ये अमेरिकेत ५७ तरुणांवर झालेल्या प्रयोगात अर्ध्यांनी झोपण्याआधी पुढच्या दिवसांत करायची कामं लिहिली, अर्ध्यांनी झालेली कामं लिहिली. करायची कामं लिहिणारे सरासरी नऊ मिनिटं लवकर झोपले, आणि यादी जितकी नेमकी तितकी झोप लवकर. ‘ऑफिसचं बघणे’ असं लिहून उपयोग नाही. ‘दहा वाजता हिशेबाची फाइल पाठवणे’ असं लिहा. दिवसभराचं सिंहावलोकन, कृतज्ञतेची वही हे ज्यांना जमतं त्यांना जमो. काळजीने जागं राहणाऱ्यांना यादीच कामाला येते.

सवय २१ दिवसांत लागते ना?

२१ चा आकडा एका प्लॅस्टिक सर्जनच्या निरीक्षणातून आला. १९६० च्या सुमारास मॅक्सवेल मॉल्ट्झ यांनी लिहिलं की बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात. त्यातला ‘किमान’ पुढे गळला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर झालेल्या, २०१० मध्ये छापलेल्या अभ्यासात एखादी कृती आपसूक व्हायला मध्यम कालावधी ६६ दिवसांचा निघाला, आणि टोकं होती १८ आणि २५४. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं. पाणी पिण्यासारखी सोपी सवय व्यायामापेक्षा लवकर बसते, म्हणून नेमाची सुरुवात कपापासून करणं शहाणपणाचं.

रात्रीचं सगळं करतो, तरी फरक नाही. कुठे चुकतंय?

बहुधा सकाळी. झोपण्याची वेळ आपल्या हातात पूर्ण नसते. उठण्याची असते. सुट्टीच्या दिवशी तीन तास उशिरा उठलात तर त्या रात्री शरीराचं घड्याळ तीन कालविभाग ओलांडून आल्यासारखं वागतं. उठण्याची वेळ रोज एकच ठेवा, फार तर तासाभराचा फरक, आणि उठल्यावर तासाभरात बाहेरच्या उजेडात दहा-वीस मिनिटं जा. ढगाळ दिवसाचा उजेडही घरातल्या दिव्यांपेक्षा कितीतरी पट जास्त असतो. रोज एकच गोष्ट जमणार असेल तर ही करा, पेय राहिलं तरी चालेल.

पेय प्यालो, आडवा झालो, तासभर टक्क जागा आहे. दुसरा कप घेऊ का?

नको. दुसरा कप म्हणजे दुसरी लघवी. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही असं वाटलं (घड्याळ न बघता, ते भिंतीकडे वळवून ठेवा) तर उठा, दुसऱ्या खोलीत मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं वाचा, आणि पेंग आली की परत या. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही निद्रानाशाच्या उपचारात वापरली जाते. अंथरूण म्हणजे झोप, तळमळ नव्हे, हे शरीराला पुन्हा शिकवायचं असतं. पहिले काही दिवस झोप कमीच होईल.

प्रवासात नेम मोडतो आणि मग मला झोपच येत नाही.

मग नेम फार अवजड झाला आहे. ‘माझा कप, माझा चहा, माझी खुर्ची’ यांपैकी एकही नसलं तरी चालेल अशी छोटी आवृत्ती ठरवून ठेवा : गरम पाणी, पाच ओळींची यादी, दिवा बंद. घरीसुद्धा आठवड्यातून एखाद्या दिवशी हीच वापरा.

डॉक्टरांकडे कधी जावं?

आठवड्यात तीन किंवा जास्त रात्री झोपेचा त्रास आणि असं तीन महिने चाललं, तर तो जुनाट निद्रानाश. त्याला पेय पुरत नाही. गोळ्यांआधी निद्रानाशासाठीची वर्तनोपचार पद्धत वापरावी, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये केली. तीन महिने वाट न बघण्याची कारणंही आहेत : जोरात घोरणं आणि मधेच श्वास थांबणं, दिवसा गाडी चालवताना डुलकी, संध्याकाळी पायांत होणारी असह्य वळवळ (कधी लोह कमी असल्यामुळे), सततची उदासी.

माझी रात्रपाळी असते. ‘झोपण्याआधी’ म्हणजे माझ्यासाठी सकाळचे आठ. हे सगळं लागू होतं का?

होतं, फक्त घड्याळ बाजूला ठेवून. कॅफिन पाळीच्या पहिल्या भागातच. घरी येताना गडद गॉगल, म्हणजे सकाळचा उजेड मेंदूला उठवणार नाही (स्वतः गाडी चालवत असाल आणि पेंग येत असेल तर गॉगल नको, खरं म्हणजे गाडीही नको). घरी आल्यावर आधी पडदे ओढा, मग भांडं आचेवर ठेवा. घरच्यांसाठी ती न्याहारीची वेळ असते, त्यामुळे त्यांच्या चहात सामील व्हायचा मोह होतोच. त्यांच्याबरोबर जरूर बसा, कप मात्र तुमचा वेगळा. सुट्टीच्या दिवशी पूर्ण उलटं वेळापत्रक करण्यापेक्षा झोपेचे तीन-चार तास तरी पाळीच्या दिवसांशी जुळतील असं बघा.